तुतीच्या पानांचा डूख

‘खडूस बाई’ हे नाव तिला तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर पडलं. त्याआधी ती हसरी होती, हे तिच्या आईशिवाय आता कुणाला खरं वाटलं नसतं.

नोकरीआधी विद्यापीठात सरांच्या हाताखाली संशोधन करताना तिनं तुतीची पानं वाळवून कुटली आणि पाण्यात चिमूटभर जस्ताचा क्षार घालून बंद पोलादी डब्यात, भट्टीत शिजवली. नुसत्या पानांपासून निघालेला कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा द्राव जांभळ्या, अतिनील दिव्याखाली मिणमिणायचा. जस्त मिसळलं आणि द्राव निळाशार उजळला. पाण्यात लोह असलं की तो उजेड विझायचा. पाणी तपासायची सोपी युक्तीच हाती आली. शोधनिबंध मात्र छापून आला सरांच्या जावयाच्या नावानं. ती खाली आभारात, फिल्टर पेपर पुरवणाऱ्या दुकानानंतर.

“घरचंच माणूस आहे गं, तुझं काय अडलंय?” सर म्हणाले.

तिनं डूख धरला.

“सोड आता,” आई म्हणायची. “जळतेस तूच.”

“जळू दे.”

पुढे जावयानं त्या द्रावाचा धंदा मांडला आणि मंजुरीसाठी बाटली आली ती नेमकी तपासणीच्या प्रयोगशाळेत, तिच्या टेबलावर. तिनं खोट काढायचा जिवापाड प्रयत्न केला. खोट निघेना. निघणार कशी? तो सरांकडे असताना तिनंच करून ठेवलेला जुना साठा होता, हे रंगावरून तिनं ओळखलं. मग तिनं नियमावर बोट ठेवलं: मंजुरी समितीसमोर ताजा द्राव करून दाखवा.

जावई सासऱ्यांना घेऊन आला. जास्त जस्त, जास्त उजेड, असा त्याचा हिशेब. डबा उघडला तर तळाशी पांढरा गाळ आणि वर मढ्यासारखं फिकट पाणी.

सरांनी तिला बाहेर गाठलं. “किती घालायचं तेवढं सांग. तू मला मुलीसारखी.”

“मुलीसारखी होते, मुलगी नव्हते. म्हणून तर नाव गेलं. आत चला, सगळ्यांसमोर विचारा.”

त्यांनी विचारलं. मान खाली घालून हेही सांगितलं, की हे काम हिचं आहे. तिनं सावकाश पानं कुटली, चिमूटभरच जस्त घातलं, डबा भट्टीत ठेवला आणि तो निघेपर्यंत दोघांना समोर बसवून ठेवलं. दिव्याखाली द्राव निळा पेटला. मग जावयाच्या अर्जावर तिनं नकाराचा शिक्का असा हाणला, की टेबलावरचा चहा सांडला.

निबंध मागे घेतला गेला, धंदा बसला.

“झालं समाधान?” आईनं विचारलं.

“छे! अजून एकदा समोर बसवून ठेवायला हवं होतं त्यांना,” ती म्हणाली, आणि पोटभर जेवली.