निवडलेल्या तीस

पोस्टिंगची तार सुट्टीत आली. मी नवलाख उंबऱ्याला घरी होतो, किसन येवले वलवणला त्याच्या घरी. आमच्या पलटणीत सगळ्या प्रांतांची माणसं होती, पण मावळातले आम्ही दोघेच. मी हवालदार शब्बीर मुलाणी, पलटणीच्या शूटिंग टीमचा उस्ताद. किसन लान्स नायक, माझ्या हाताखालचा सगळ्यात चांगला नेमबाज. पंधरा दिवसांत उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका पोस्टवर हजर व्हायचं होतं. दोघांनाही काम एकच होतं, स्नायपरचं.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं होतील. ती लिहायला निमित्त झालं ते लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्या साहेबांचं. मी रविवारी तळेगावात सोसायट्यांमधल्या हौशी लोकांना एअर रायफल शिकवतो, तिथे ते येतात. बरीच वर्षं कॅनडात होते. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. बर्फात पडलेलं हरीण आणि शेजारी आमची जुनी थ्री नॉट थ्री.

"तिकडे अजून या फौजी गोळीवर लोक जीव टाकतात, मुलाणीसाहेब. तुमचं काय मत?"

माझं मत विचारलं म्हणजे झालंच. मी दीड तास बोललो. समोरचा चहा थंड झाला. शेवटी ते म्हणाले, हे सगळं लिहून काढा, लोकांना आवडेल. घरी येऊन गोळीवर लिहायला बसलो आणि दुसऱ्या पानावर किसन आला. त्यानंतर आठ दिवस मी पेन हातात धरलं नाही.

पण आधी गोळीबद्दल सांगतो, कारण तिच्यावर माझं मनापासून प्रेम होतं. पितळी, लांबट, खांद्याला उतरती आणि बुडाला बाहेर आलेली कड. त्या कडेला आम्ही रिम म्हणतो. मॅगझिन भरताना वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या पुढेच बसली पाहिजे. उलटं झालं की बोल्ट अडकतो आणि शिकाऊ जवान घामाघूम होतो. आतली दारू भुकटी नसते, शेवयांसारख्या काड्या असतात. गोळीचं नाक हलकं, बूड जड. खांद्याला धक्का बसतो, पण शहाणा धक्का. सहाशे यार्डांवर ती कुठे उतरेल हे तुम्ही तिला नीट ओळखत असाल तर आधी सांगता येतं. पुढे नवीन हत्यारं आली. हलकी, भराभर चालणारी. मला ती बडबड्या पाहुण्यांसारखी वाटली. थ्री नॉट थ्री एकदाच बोलते आणि मुद्द्याचं बोलते.

मात्र तिची एक खोड होती. सगळ्या गोळ्या एका लॉटच्या हव्यात. वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या कारखान्यांच्या गोळ्या मिसळल्या की एक वर जाते, एक खाली. शंभर यार्डांवर हे कळतसुद्धा नाही. सहाशेवर माणूस वाचतो किंवा मरतो एवढा फरक पडतो. म्हणून कॉम्पिटिशनआधी आम्ही गोळ्या निवडायचो. बुडावरचा शिक्का बघायचा. काचेवर गोळी लोळवायची, नाक डुगडुगलं की बाजूला. मग वजन करायचं. त्यासाठी बारीक काटा लागतो, तो पलटणीत नव्हता. त्या सुट्टीत मी आणि किसन तळेगावच्या बाजारात एका सराफाकडे गेलो आणि त्याचा जुना काटा मागितला.

"किती तोळे घेताय?" सराफाने विचारलं.

"सोनं न्हाई, शिसं तोलायचंय," किसन म्हणाला. तरी त्याने काटा काढून दिला.

काटा घेऊन आम्ही वलवणला गेलो. किसनचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, ओट्यावर बसले होते. तरुणपणी, शिकारीवर बंदी यायच्या आधी, ते साहेब लोकांबरोबर हाकारे म्हणून रान उठवायला जायचे. गोळीचा आवाज ऐकून कुठली बंदूक ते सांगायचे.

"थ्री नाट थ्रीचा बार लय येगळा," आबा मला म्हणाले. "डुक्कर जागेव बसायचं. पर साहेब चुकला की आमी झाडाव. चुकला तरी त्याच्यापाशी दुसरी गोळी असायची, आमच्यापाशी काय? काठी."

किसन हसला. "आबा, हे उस्ताद हायेत. हे चुकत न्हाईत."

निघताना आबांनी माझा हात धरला. "मुलाणी, तू मोठा हायेस. पोराला संबाळ."

"तुमी काळजी करू नका, आबा," मी म्हणालो. असं वाक्य आपण किती सहज बोलून जातो.

पोस्टवर पोहोचायला अकरा दिवस लागले. एका धारेवर आमचे बंकर. समोर नाला, नाल्यापलीकडे डोंगराची खालची सोंड आणि त्या सोंडेच्या पायथ्याने रेशनची वाट. आठवड्यातून दोनदा पोर्टर रेशन घेऊन यायचे. तेव्हा पाच जणांचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, सोंडेवर जाऊन वाट राखायचं आणि मी पोस्टवरून टेलिस्कोपमधून सोंडेवर नजर ठेवायचो. अंतर सहाशे वीस यार्ड. मी स्वतः मोजलं होतं.

पोस्टवरचं आयुष्य म्हणजे पहारा, बर्फ उपसणं आणि डाळ. पत्रं महिन्यातून एकदा. किसन चहा करताना वलवणच्या धरणावरच्या धुक्याच्या गप्पा मारायचा. इथलं धुकं त्याच्या मते बिनकामाचं होतं. "हितल्या धुक्यात भजी कुटं मिळत्यात?" म्हणायचा. पंजाबी, मद्रासी सगळे हसायचे. भजी म्हणजे काय हे त्याने त्यांना आधीच समजावून दिलं होतं.

आम्हाला प्रत्येकी सत्तर गोळ्या मिळाल्या होत्या. मिसळीच्या, चार वर्षांच्या, दोन कारखान्यांच्या. किसनची पेट्रोलवर जायची पाळी आली, त्याच्या आदल्या दुपारी मी सराफाचा काटा मांडला. उन्हात घोंगडी टाकून आम्ही तीन तास निवडत बसलो. किसनच्या सत्तरांतल्या तीस एका लॉटच्या, एका वजनाच्या निघाल्या. अस्सल माल. बाकीच्या चाळीस मी पत्र्याच्या डब्यात टाकल्या.

त्याने तीस गोळ्या पाउचमध्ये भरल्या आणि डब्याकडे बघितलं.

"उस्ताद, ह्या बी घेऊ का? एका फडक्यात बांदून येगळ्या ठिवतो."

"कशाला? गडबडीत हात त्याच्यावर पडंल. नेम वर जाईल. कचरा घिऊन जाऊ नगंस."

"तीस पुरतील?"

"तू नेमबाज हायेस का ढोलवाला? तीस लय झाल्या."

तो हसला. मीही हसलो. हे सगळं घोंगडीवर बसून, चांगल्या उन्हात झालं. मी तेव्हा स्वतःवर फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल ०५२० वाजता निघालं. ०६०५ ला सोंडेवर पोहोचल्याचा संदेश आला. ०६१५ ला नाल्यातून धुकं वर चढायला लागलं. पाच मिनिटांत माझ्या टेलिस्कोपमध्ये पांढऱ्याशिवाय काही उरलं नाही.

०६४० ला गोळ्यांची पहिली बर्स्ट. एके रायफलची. मग दोन, मग तीन ठिकाणांहून. कंपनी कमांडर मेजर साहेब वायरलेस सेटजवळ धावले. मी माझ्या जागेवर आडवा, रायफल खांद्याला.

"टायगर, टायगर. कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी, पाँव में लगा है. ओव्हर."

"कितने हैं? ओव्हर."

"आठ-दस. नीचे से आ रहे हैं. कॅज्युअल्टी को लेकर पीछे आ रहे हैं. येवले कव्हर दे रहा है. ओव्हर."

जखमीला उचलायला दोघं, पुढची वाट बघायला एक. उरला किसन. सेट त्या चौघांबरोबर गेला. किसनशी बोलायचा मार्ग संपला.

मग थ्री नॉट थ्रीचा आवाज आला. त्या सगळ्या तडतडीत तो वेगळा कळत होता. एक. थोडं थांबून दोन. तो घाई करत नव्हता. मी शिकवलं होतं तसंच करत होता.

"साहेब, मैं फायर करूँ?" मी विचारलं.

"किस पर? दिखता है कुछ?"

"नहीं साहेब."

"तो मत करो. अपने लोग बीच में हैं."

बरोबर होतं. मला वाऱ्याचा अंदाज होता, अंतर पाठ होतं, हातात पलटणीतली सगळ्यात चांगली रायफल होती. दिसत काही नव्हतं. मग मी एकच गोष्ट करू शकत होतो, ती मी केली. मी मोजायला लागलो.

दहा झाल्या ०६५३ ला. मग शांतता. घाबरायचं कारण नव्हतं. टेलिस्कोप लावलेल्या रायफलमध्ये क्लिपने पाच-पाच गोळ्या भरता येत नाहीत, टेलिस्कोप आडवा येतो. एकेक हाताने भरावी लागते. थंडीत बोटं वाकत नाहीत. मी माझी बोटं त्याच्या बोटांबरोबर हलवत होतो. रिम पुढे, रिम पुढे, असं पुटपुटत होतो. दोन मिनिटांनी अकरावी वाजली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वीस झाल्या ०७१० ला. मी उठून मेजर साहेबांकडे गेलो.

"साहेब, त्याच्याकडे दहा राउंड राहिलेत. मी राउंड घेऊन खाली जातो."

मराठीत बोललो. मला ते नंतर कळलं. त्यांना आकडा समजला.

"दस? कितने लेके गया था?"

"तीस, साहेब."

"तीस?"

तेवढ्यात सेट वाजला. वरच्या पोस्टवरून मदतीची तुकडी निघाली होती, पोहोचायला चाळीस मिनिटं. साहेब सेटवरून वळले तेव्हा म्हणाले, "तू नहीं जाएगा. धुंध में अपनी ही टीम तुझे मार देगी." तीसच का, हे त्यांनी मला त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, अॅम्युनिशन एक्सपेंडेड तीस राउंड.

शेवटच्या दहा त्याने फार जपून वापरल्या. मध्ये तीन-तीन मिनिटं जायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, संपला. मग एक बार व्हायचा आणि एकेची तडतड थोडी मागे सरकायची. सत्तावीस. अठ्ठावीस. ०७२२ ला जखमीसकट चौघे पोस्टवर चढले. एकोणतिसावी ०७२६ ला. तिसावी ०७३१ ला.

मी एकतिसाव्या गोळीची वाट बघत होतो. किसन खोडकर होता. माझी पाठ वळल्यावर त्याने डब्यातून मूठभर उचलल्या असतील, पायमोज्यात दडवल्या असतील. पूर्वी त्याने माझ्या डोळ्यांदेखत लंगरातून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातून, गुळाची ढेप लांबवली होती. मी बंकरमध्ये पळालो, डबा घोंगडीवर उपडा केला आणि मोजल्या. दोनदा मोजल्या.

चाळीस भरल्या. किसनने माझा हुकूम पाळला होता.

बाहेर एकेची एक लांब बर्स्ट झाली. तिला उत्तर आलं नाही. मी डबा हातात धरून उभा होतो आणि मला कुठे जायचं ते कळत नव्हतं. इतका लाचार मी आयुष्यात कधीच झालो नाही, ना त्याच्या आधी, ना नंतर.

मदतीची तुकडी ०७५५ ला सोंडेवर पोहोचली. ०८१० ला धुकं उठलं आणि मला टेलिस्कोपमधून तो दिसला. खडकाला टेकून, उजवा हात बोल्टवर. बोल्ट मागे ओढलेला होता. वाटेवर त्यांची चार माणसं पडली होती.

मी त्याला घेऊन वलवणला आलो. लोणावळ्यापासून माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती. दहावं झाल्यावर दुपारी आबांनी मला ओट्यावर बोलावलं. माझ्यासाठी चहा मागवला, स्वतः घेतला नाही.

"एकलाच व्हता?"

"व्हय, आबा. बाकीच्यांना त्यानं म्हागं पाठवलं."

"किती बार टाकलं?"

"तीस."

त्यांनी मान हलवली. आवाजावरून बंदूक ओळखणारा माणूस, त्यांना हिशेब कळत होता. समोरच्या धरणाच्या पाण्याकडे बघितलं. मग विचारलं,

"पुरल्या का रं?"

मला तेव्हा सांगता आलं असतं. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "पुरल्या, आबा."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "हात रिकामा न्हाई ऱ्हायला."

त्यानंतर मी दर वर्षी वलवणला जात राहिलो. रिटायर झाल्यावर ईदला, दिवाळीला, मध्येही कधी. आबा आल्यागेल्याला माझी ओळख करून द्यायचे. "हे मुलाणी उस्ताद. माझ्या पोराला एकेक गोळी ह्यांनी सोता निवडून दिलती. सराफाच्या काट्याव तोलून." हे सांगताना ते माझ्या पाठीवर हात ठेवायचे. मी खाली बघायचो. लोकांना वाटायचं, माणूस नम्र आहे.

सांगायचं म्हणून मी कितीदा तरी मनाशी ठरवून गेलो. ते अंथरुणाला खिळले तेव्हा तर नक्कीच ठरवलं होतं. गेलो तर त्यांनी मलाच विचारलं, "जेवलास का?" मागच्या पावसाळ्यानंतर आबा गेले. खांदा दिला, चितेवर लाकूड ठेवलं आणि परत आलो. आता माफी मागायला कोणी नाही आणि शिक्षा द्यायलाही कोणी नाही.

लोणावळ्याच्या साहेबांना मी ही पानं वाचायला देणार आहे. त्यांना गोळीबद्दल हवं होतं, ते यात आहे. गोळी उत्तम होती. तीसमधली एकही चुकीच्या जागी गेली नसणार, मी निवडल्या होत्या.

लान्स नायक किसन येवले, राहणार वलवण, वय सव्वीस. तीस गोळ्यांत त्याने चार जवान पोस्टवर पोहोचवले. त्याच्या हक्काच्या चाळीस मी डब्यात ठेवून घेतल्या होत्या.