नरसिंहरावांचं तमिळ

दिल्लीत आमच्या द्वारकेच्या सोसायटीत जगाचं परराष्ट्र धोरण सकाळी पार्कातल्या बाकावर ठरतं, आणि ते नरसिंहराव ठरवतात. इराक असो की अफगाणिस्तान, म्हणणं एकच. "अरे यार, दुसऱ्याच्या घरात फौज घातली की त्या घरातली पोरं बंदूक उचलणारच. अमेरिकेला एवढं साधं कळू नये?" हे सांगताना आवळ्याच्या रसाचा पेला असा नाचवतात, की वॉशिंग्टनला कुणीतरी लिहून घेत असावं.

दुसरा विषय पानिपत. संक्रांतीनंतरच्या रविवारी ते मराठी मंडळींची बस काला अंबला नेतात आणि स्मारकापुढे माइक घेऊन असं बोलतात, की भाऊसाहेबांच्या घोड्याचा लगाम यांच्याच हातात होता.

गंमत अशी, की पानिपतात नसलेला हा माणूस तिथलं सगळं सांगतो आणि जिथे खरोखर होता तिथलं काहीच सांगत नाही. सत्त्याऐंशी साली आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली, तेव्हा विशीतले नरसिंहराव तिच्यात होते. जाफन्याचं विचारलं की म्हणतात, "नारळ छान होते."

यंदा नरसिंहरावांच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वरदननी पोंगलला सगळ्यांना खाली हॉलमध्ये बोलावलं. वरदन आणि नरसिंहराव इतके घट्ट, की एकाच्या घराची किल्ली दुसऱ्याकडे. वरदनच्या सासूबाई पुष्पम्मा नुकत्याच चेन्नईहून कायमच्या राहायला आल्या होत्या. मूळच्या जाफन्याच्या, पण ते वरदननी कुणाला सांगितलं नव्हतं.

जेवणानंतर खेळ सुरू झाला. प्रत्येकाने दुसऱ्याच्या भाषेत काहीतरी बोलायचं. एक पंजाबी बाई "कसा काय, बरा हाय का" म्हणून टाळ्या घेऊन गेल्या. तेवढ्यात कुमुदवहिनी म्हणाल्या, "आमच्या ह्यांना येतं की तमिळ. झोपेतसुद्धा बोलतात."

"अगं, ते काय..."

"बोला हो. नव्या नवरीसारखे लाजताय काय?"

माइक हातात आला आणि नरसिंहराव ताठ झाले. निघालेला आवाज काला अंबचा नव्हता.

"वेळिये वा. कैयै तूक्कु. उक्कारु."

आम्ही टाळ्या पिटल्या. तमिळ मंडळींपैकी कुणी हात हलवेना. पुढच्या खुर्चीवर पुष्पम्मांनी गोड पोंगलची वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

टाळ्या विझत गेल्या. वरदनच्या बायकोने धावत येऊन आईचे हात खाली घेतले, तरी ते मांडीवर टेकायला वेळ लागला.

"काय बोलले हे?" कुमुदवहिनींनी विचारलं.

"बाहर निकल. हाथ ऊपर. बैठ जा," वरदन म्हणाले. नरसिंहरावांकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्यानंतर बाक ओस पडला. पुष्पम्मा लिफ्टमध्ये भेटतील म्हणून हा माणूस गुडघेदुखी घेऊन जिना चढू लागला. वहिनी मला म्हणाल्या, "इतकी वर्षं रात्री ऐकते हो मी. मला वाटायचं, गाणं-बिणं असेल."

शेवटी शनिवारी तिळगुळाचा डबा घेऊन ते समोरच्या दारात उभे राहिले. सोबतीला मला ओढलं. आत जाऊन त्यांनी हात जोडले, हिंदीत माफी मागितली. पुष्पम्मांना हिंदी येत नव्हती. माफीचं तमिळ यांना येत नव्हतं.

वरदननी मध्ये पडून सांगितलं. पुष्पम्मा बराच वेळ शांतपणे बोलल्या. त्यांच्या घरी झडतीला फौज दोनदा आली होती. पहिल्यांदा धाकटा भाऊ गणितं सोडवत होता. त्याला बाहेर काढून उन्हात बसवलं आणि संध्याकाळी सोडलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा तो घरात नव्हता. "बंदूकवालों के साथ चला गया था," वरदन म्हणाले. "फिर लौटा नहीं."

दुसऱ्याच्या घरात फौज घातली की... ते वाक्य मी मान डोलावत किती सकाळी ऐकलं होतं. मला वाटायचं, पेपरातलं असेल.

"भाई का नाम पूछो," नरसिंहराव खालच्या आवाजात म्हणाले.

वरदननी विचारलं. पुष्पम्मा नरसिंहरावांकडे बघत राहिल्या. नाव सांगितलं नाही. डबा घेतलाही नाही, परतही केला नाही. तो टीपॉयवर राहिला.

दुसऱ्या दिवशी बस काला अंबला गेली. नरसिंहरावांनी माइक घेतला. "आपले लोक इतक्या लांबून इथे आले," एवढं दरवर्षीचं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "इथे कुणाकुणाची घरं होती. त्यांच्याशी आपण काय बोललो असू, मला माहीत नाही." माइक माझ्या हातात दिला आणि बसमध्ये जाऊन बसले. मी सगळ्यांना चहाला पाठवलं.

संध्याकाळी परतलो, तर त्यांच्या दाराच्या कडीला डबा पिशवीत अडकवलेला. घासलेला, पुसलेला, रिकामा. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. त्यांच्याकडची पद्धत मला ठाऊक नाही.

नरसिंहरावांनी झाकण उघडून आत पाहिलं, परत लावलं.

"खाल्ला असेल का हो?" त्यांनी मला विचारलं.

मी किल्ल्या शोधत राहिलो.