आकडा लागलेली होडी

श्रीपाद टिपणीस डोंबिवलीहून ठाण्याच्या खाडीवर यायचा, तो मासळी मोजायला. साल १९५३. खाडीतली मासळी खरंच घटते आहे का, हे सरकारला पाहायचं होतं. रोज सगळ्याच होड्यांची मासळी तोलणं अशक्य, म्हणून कचेरीने आकड्यांचा तक्ता दिलेला. त्यात त्या दिवशी जिचा नंबर निघेल तिचीच मासळी तोलायची. त्यावरून कचेरी सगळ्या खाडीचा अंदाज बांधणार.

पोपट कोळ्याची होडी तोलली आणि आठवड्याने ती उलटली. पोपट कसाबसा पोहत आला. मग तानाजीची तोलली, ती खडकावर फुटली. तेव्हापासून श्रीपाद दिसला की धक्क्यावरच्या बायका मासळीच्या पाट्या झाकून घ्यायच्या.

पुढचा नंबर लिनोचा निघाला. त्याची बायको क्लेमेंटिना आडवी आली.

"भाऊ, आमची होडी लिवू नको रे. माजी तीन पोरं हायेत."

आकड्याने होडी बुडत नाही, हे श्रीपादला कळत होतं. पण समजा बुडालीच तर? त्याने शेजारच्या एका व्यापाऱ्याच्या मोठ्या होडीची मासळी तोलली आणि वहीत लिनोचा नंबर घातला. मग दोन महिने, नंबर कुणाचाही निघाला तरी, तेच चाललं. आता त्याला त्या खोट्या वहीचीही भीती वाटू लागली.

एक दिवस कचेरीतले गुरुदत्त साहेब तपासणीला आले.

"टिपणीस, तुमच्या वहीप्रमाणे मासळी दुप्पट झालीय. खरं आहे?"

नोकरी गेलीच, असं धरून श्रीपादने सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, "आजवर खरोखर तोललेल्या होड्या किती?"

"एकतीस."

"न तोललेल्या?"

"नऊ."

"त्यांतली एखादी बुडाली का, कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. विचारलं तेव्हा कळलं, त्यांतलीही एक श्रावणात बुडाली होती. तिची चर्चाच कुणी केली नव्हती.

साहेबांनी दोन महिन्यांची पानं खोडली, लेखी ताकीद दिली आणि त्याला परत धक्क्यावर पाठवलं. तोललेल्या एकतीस होड्यांतल्या दोन गेल्या, न तोललेल्या नऊंतली एक, असा सगळा हिशेब श्रीपादने क्लेमेंटिनाला समजावला.

"तुजं गणित मला नाय कळत," ती म्हणाली. "पन तू पन घाबरलायस, ते कळतं. तोल."

लिनोच्या पाटीत जेमतेम अडीच शेर बोई मासळी भरली. त्याने तेवढीच लिहिली.

दुसऱ्या दिवशी लिनो खाडीत गेला. श्रीपाद धक्क्यावर बसून राहिला. ऊन डोक्यावर आलं, कलंडलं. बाकीच्या होड्या लागल्या, लिनोची दिसेना. क्लेमेंटिना शेजारी उभी राहून माळ जपत होती. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. चारच्या सुमारास वळणावर लिनोचं शीड दिसलं, आणि श्रीपाद दोर धरायला पाण्यापर्यंत उतरला.

पुढे नोकरीभर तो तक्त्याप्रमाणेच होड्या तोलत राहिला. भीती मात्र गेली नाही.