कोरड्या तुंब्याला आरी

मला लिहायची सवय नाही. गंबोबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

गंबो आमच्या झारिया शहरात तडा गेलेले तुंबे, म्हणजे वाळलेल्या भोपळ्याची भांडी, शिवायचा. चिरेच्या दोन्ही कडांना आरीने बारीक भोकं पाडायची, ताडाच्या पात्याचा दोरा ओवायचा, टाके घट्ट ओढायचे. शिवलेल्या तुंब्यातलं पहिलं पाणी शिवणाऱ्याने गिऱ्हाइकासमोर प्यायचं, ही रीत. गळलं तर त्याच्याच अंगावर.

लग्नाच्या दिवसांत त्याच्या दारी तुंब्यांची चळत लागे. मग प्लास्टिकची भांडी आली. फुटलं की उकिरड्यावर. गंबो हाक देत गल्लीतून जायचा, दारं उघडत नसत.

गेल्या साली धुळीचे कोरडे वारे सुटले होते. मी त्याच्या ओट्यावर बसलो होतो. आमच्या शेजारची दहीवाली देलू आली. हातात तिच्या आईचा तुंबा.

"बाबा, शुक्रवारी पोरीची पाठवणी. आजीचा तुंबा तिच्यासोबत जायला हवा. आज होईल?"

"आज?"

"नाहीतर राहू दे. बाजारात लाल पातेलं बघून ठेवलंय. झाकणासकट."

तुंबा रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवल्याशिवाय आरी लावायची नाही, हे गंबोला बापाने शिकवलेलं. मलाही ठाऊक होतं, पण मी गप्प बसलो. दोन वर्षांनी कोणी त्याच्या दारी आलं होतं. 'उद्या' म्हटलं तर ही जाईल, असं त्याला वाटलं असावं.

"बस. आत्ता देतो," तो म्हणाला.

तिसऱ्या भोकाला तुंबा कडकन वाजला. चीर बुडापर्यंत गेली, तिथून आडवी फुटली.

देलू ओरडली नाही. "घाई माझीच," एवढंच म्हणाली. ते त्याला जास्त लागलं. शुक्रवारी पोर लाल पातेलं घेऊन सासरी गेली.

रविवारी गंबो तोच तुंबा शिवून देलूच्या दारी घेऊन आला. एकेचाळीस टाके. तिने पाणी ओतून तुंबा त्याच्यापुढे धरला. त्याने हात मागे घेतला.

"मी नाही पिणार. कोरड्याला टोचलंय मी."

"प्या बाबा. गळतोय की नाही, मला कसं कळणार?"

तो प्यायला. थेंबही गळला नाही. त्या दिवसापासून गल्लीत त्याची हाक मात्र आली नाही.

आमच्या घरी एक तडा गेलेला तुंबा होता. बायको गेल्यापासून त्यात कांदे ठेवायचो. इतकी वर्षं त्याच्या ओट्यावर बसूनही मी तो त्याला कधी दाखवला नव्हता. याची मला लाज वाटते. शेवटी एकदा घेऊन गेलो.

गंबोने चीर बोटाने चाचपली.

"कांदे ठेवायचास यात?"

"हो."

"उद्या ये. आधी भिजू दे. घाई असेल तर बाजार उघडा आहे."

"घाई नाही," मी म्हणालो.

तो गोणपाट शोधायला आत गेला. सापडायला बराच वेळ लागला.