गाण्यात न ऐकू येणारी आई

आईचा आवाज मी इतका बारीक का केला?

माझं गाणं मी घरीच, भिंतींना गोधड्या लावून, स्वस्तातल्या माइकवर रेकॉर्ड केलं. माझ्याच आवाजाचे तीन थर दिले, तरी ऊब येईना. मग आईला खालच्या सुरात गायला लावलं आणि गाणं एकदम भरलं. पण तिचा रानातला राकट आवाज मला खटकला. मी तो जवळजवळ बंद करून गाणं इथे, माझ्या प्रोफाइलवर टाकलं.

आज कांदा खुरपताना आईने माझ्यासमोरच बायांना ते मोबाईलवर ऐकवलं.

"सुमन, तू कुठं हाईस गं यात?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "का लेकीला पानी द्यायला बसली हुतीस?" सगळ्या हसल्या.

"हाय की! खालून, आधाराला. तुमाला न्हाई कळायचं," आई म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझ्या प्रोफाइलवर लिहिलंय, 'आपल्या मातीचा आवाज'.

ते गाणं मी काढून टाकलं. आईचा आवाज माझ्या बरोबरीने ठेवून, दोघींच्या नावाने नवं टाकलंय. इथे टाकायच्या आधी ते काकूंच्या मोबाईलवर पाठवलं.