बाबांची पेटी, धायरीच्या बाईंकडे

माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी बाबांनी आपली पेटी विकली. विहारातली जयंतीची गाणी त्याच पेटीवर बसायची, त्यामुळे वस्तीत सगळे हळहळले. बाबा मात्र "बोटं दुखायला लागली होती," असं सांगून मोकळे झाले. ते गेल्यावर एका रविवारी पेठेतल्या जुन्या वाद्यांच्या दुकानात ती मला दिसली. झाकणावर विहारातल्या मेणबत्तीने पडलेला काळा डाग होता, ओळखायला तेवढा पुरे. मी घासाघीस न करता पैसे दिले आणि दुकानातच रडले.

तेव्हाच उचलून आणायला हवी होती. पण आईला फोन केला तर म्हणाली, "बुद्धपौर्णिमेला आण गं. त्या दिवशी घरात येऊ दे." आम्ही मुहूर्त पाळत नाही, असं चारचौघांत ठणकावून सांगणारी आमची आई! पण मलाही ते पटलं. पेटी दुकानातच ठेवली. आईने बाबांच्या फोटोखालची जागा मोकळी केली, सतरंजी धुऊन ठेवली.

पौर्णिमेला सकाळी गेले तर पेटी नाही. दुकानदाराने ती दुसऱ्याच कुणाला विकली होती.

"अहो, माझी होती ती!"

"आपण पौर्णिमेपर्यंत थांबलात. गिऱ्हाईक थांबलं नाही," एवढं बोलून त्याने माझे पैसे काउंटरवर ठेवले. जसं काही मी रद्दी घालायला आले होते!

ओळखीच्या वकीलकाकांनी उरलीसुरली आशाही घालवली. विकलेली वस्तू विकणाऱ्याच्याच ताब्यात राहिली आणि दुसऱ्याने काही ठाऊक नसताना, प्रामाणिकपणे विकत घेऊन नेली, तर ती त्याची होते म्हणे. आपण भांडायचं ते दुकानदाराशी, नुकसानभरपाईसाठी. आता हे नुकसान कुठल्या मापाने मोजायचं?

दुकानदाराच्या मागे लागून पत्ता मात्र काढलाच आणि आईला घेऊन धायरीला गेले. तिथल्या बाई घरी गाण्याचा क्लास घेतात. सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "वाईट वाटतं ऐकून. पण मी रीतसर घेतली आहे, मुलं तिच्यावर शिकतात. देणार नाही." मग आईकडे बघून म्हणाल्या, "आपण केव्हाही ऐकायला या." मी फणकाऱ्याने उठले.

आई म्हणाली, "येईन."

आणि खरंच जाते. हिंजवडीहून सुटले की मी तिला आणायला जाते, पण वर जात नाही. पेटी दिसली की ओढून घ्यावीशी वाटते. परवा तिला उशीर झाला म्हणून जिना चढले आणि अर्ध्यातच थांबले. आत जयंतीचं गाणं चाललं होतं. आवाज वयस्कर, जरा कापरा, पण सुरात. बाईंचा नव्हता. आई गात होती. बाबा असताना तिने मागे बसून साथीलासुद्धा कधी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही. हे ऐकायला बाबा हवे होते.