उत्तरे शिवून ठेवणारे भाऊजी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान पुस्तक विकत घेण्याआधी त्याची जितकी चौकशी करीत, तितकी ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणी जावई करून घेतानाही केली नसेल. आणि पुस्तके तरी कसली? कॉलेजातल्या वरच्या वर्गांना लावतात ती गणिताची, इंग्रजी, जाडजूड. वडील अचानक वारल्यामुळे भाऊजींचे कॉलेज पहिल्याच वर्षी सुटले, ठाण्याच्या कचेरीत कारकुनी पत्करावी लागली आणि पुढचे गणित राहून गेले. ते आता आपले आपण शिकायचे, असे त्यांनी ठरवले होते. "शिकवायला मास्तर नाही, तेव्हा पुस्तकच मास्तर," ते म्हणत. "मग त्याचा स्वभाव बघायला नको?"

स्वभाव बघण्याची त्यांची रीत अशी, की पहिले पान ते कधी वाचत नसत. "तिथे सगळेच गोड बोलतात." एकदम मधले पान उघडायचे आणि लेखक दमल्यावर कसा वागतो ते पाहायचे. एक नामांकित ग्रंथ त्यांनी 'वकील' ठरवून नाकारला, कारण तो नुसत्या अटी घालीत बसे. दुसरा 'भिक्षुक' ठरला. तो भराभर मंत्र म्हणे आणि अर्थाशी आले की पुढे सरके. पण त्यांचा खरा राग होता तो 'हे उघडच आहे' या वाक्यावर. "उघड आहे म्हणतो, आणि आमच्या तोंडावर दार लावून घेतो!" अशाच एका 'उघड' ओळीपाशी त्यांचा अख्खा श्रावण गेला. उपास कधी सुटला आणि पानात काय पडले याचा त्यांना पत्ता नव्हता. पुढे गणपतीत आरती ऐन रंगात असताना त्यांच्या हातातली झांज थांबली आणि ते मोठ्याने ओरडले, "अरे, उघडच होतं की!" भटजींना वाटले, वाऱ्याने निरांजन विझेल म्हणून सांगताहेत. त्यांनी उठून दार लावून घेतले.

मुंबईत जुन्या पुस्तकांचे एक दुकान होते. सुट्टी मिळाली की भाऊजी तेथे जाऊन उभ्या उभ्या वाचीत. म्हाताऱ्या दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग बसायला स्टूल दिले आणि शेवटी विश्वास इतका वाढला, की जेवायला जाताना तो दुकान त्यांच्यावर सोपवून गेला. तेही एकदाच. तो परत आला तेव्हा कॉलेजातला एक तरुण रिकाम्या हाताने पायऱ्या उतरत होता आणि भाऊजी त्याला मागून सांगत होते, "ते घेऊ नको रे, रडवील तुला! परीक्षा झाली की घे!" दुकानदाराने कपाळावर हात मारला. "कारकूनसाहेब, किताब लेने आते हो, या मेरा धंदा बिठाने?"

अखेर तीन पुस्तके पसंत पडली. एक समजावणारे, दुसरे छळणारे आणि तिसरे जुने, पातळ, मराठी. समजावणाऱ्यात उदाहरणे थोडी. छळणाऱ्यात उदाहरणांवाचून दुसरे काही नाही. "एक आई आणि एक सासू," भाऊजी मला खुलवून सांगत होते. "दोघींचं मिळून काम होतं."

"म्हणजे सून तुम्ही," ताई आतून म्हणाली. "मग उद्यापासून पाणी तुम्हीच भरा!"

मराठी पुस्तक घेतले ते एका शब्दासाठी. इंग्रजीत ज्याला कॅल्क्युलस म्हणतात, त्याला जुन्या मंडळींनी 'शून्यलब्धि' असे नाव दिले होते; लब्धि म्हणजे प्राप्ती. त्या शब्दावर भाऊजी लट्टू होते. अंघोळ करतानाही तो घोळवून घोळवून म्हणत.

छळणाऱ्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरे छापलेली होती, आणि जगातल्या सर्व माणसांत भाऊजींचा सर्वांत कमी विश्वास स्वतःवर होता. त्यांनी ताईला हाक मारली. "अगं, गोधडीची सुई आण बघू. एवढी पानं शिवून टाक."

"कोटाची गुंडी कधीची लोंबतेय, ती शिवायला नको का?"

"गुंडीचा मला मोह पडत नाही."

ताईने पांढऱ्या दोऱ्याने, बारीक टाक्यांनी, ती पाने कडेने शिवून टाकली. ती पुन्हा उसवली गेली नाहीत. मी तेव्हा कल्याणला नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. एकदा विचारले, "भाऊजी, मग तुमचं उत्तर बरोबर की चूक, कळतं कसं?"

"उलट जाऊन बघायचं, मास्तर. गेलो त्याच वाटेनं परत फिरलो, की आपलंच घर सापडलं पाहिजे."

हे गणित मी कॉलेजात शिकलो होतो आणि तेच पुस्तक माझ्याजवळ होते. त्यांची उत्तरे मी कल्याणला घरी येऊन गुपचूप ताडून पाही. जुळत. एकदा एक जुळले नाही आणि, खोटे कशाला सांगू, मला थोडे बरे वाटले. पुढच्या रविवारी भाऊजी दारातच म्हणाले, "ते मागचं खोडलं रे. परत येताना भलत्याच्याच घरात शिरलो."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. कल्याणच्या आमच्या शाळेत वरच्या वर्गाच्या गणिताला माणूस हवा होता आणि भाऊजींचा सारा जीव त्या जागेत गुंतला होता. कारकुनी सुटेल, फळ्यापाशी उभे राहता येईल, एवढेच त्यांना हवे होते. मी हेडमास्तरांना ठाण्याला, कोपरीतल्या भाऊजींच्या घरी घेऊन गेलो. भाऊजी कचेरीतून यायचे होते. हेडमास्तरांनी फडताळातून नेमके छळणारे पुस्तक काढले. शेवटची पाने उघडेनात. त्या काळी विलायतेहून आलेल्या कोऱ्या पुस्तकांची पाने कडेला जोडलेली असत, ती सुरीने कापून घ्यावी लागत. म्हाताऱ्या डोळ्यांना पांढरा दोरा काही दिसला नाही. भाऊजी आले, तेव्हा हेडमास्तर पुस्तकांविषयी चकार शब्द न काढता सुपारी घेऊन उठले.

स्टेशनच्या वाटेवर ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या भाऊजींनी पानंसुद्धा कापलेली नाहीत हो! यांची लब्धि शून्यच!"

ती पाने शिवलेली होती, आणि ती फक्त उत्तरांची होती. एवढे एक वाक्य त्या वाटेवर बोलायचे होते. मी नोकरीत नवा होतो, बोललो नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. ती कोटी मात्र कचेरीत पोचली आणि भाऊजी जन्मभरासाठी 'शून्यलब्धि' झाले. त्यांच्या कानावर गेले तेव्हा मी समोर होतो. ते रागावले नाहीत. "नाव चांगलं ठेवलंय," ते म्हणाले. "फक्त अर्थ चुकला. शून्य मिळतं असं नव्हे रे. अगदी शून्यापर्यंत बारीक होत जायचं, आणि तिथं काही मिळतं." मग त्यांनी पाटी ओढली आणि पुढचे उदाहरण घेतले. त्या पुस्तकातले एकही उदाहरण त्यांनी सोडले नाही. कोणी शिकवले नाही, कोणी परीक्षा घेतली नाही, कोणी शाबासकी दिली नाही. असा माणूस माझ्या घरचा होता.

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षे झाली. परवा ताईने त्यांची पुस्तके गावातल्या वाचनालयाला द्यायचे काढले. तेथे तरी पुन्हा कोणी न कापलेल्या पानांची गोष्ट काढू नये, म्हणून मी कात्री घेऊन कोपरीला गेलो. टाक्यांपाशी कात्री नेली, तोच ताईने माझा हात धरला.

"काय करतोस?"

"उसवतो. लोकांना दिसू दे तरी."

"त्यांनी कधी पाहिली नाहीत, मग आपण कशाला उघडायची?" ती म्हणाली. "ज्याला उत्तरं हवीत तो घेईल उसवून. त्याचं तो बघेल."

तिने पुस्तक उजेडाकडे धरून कडेवरून बोट फिरवले. एका कोपऱ्यात दोरा विरून दोन टाके सुटले होते. ती आत जाऊन सुई घेऊन आली आणि माझ्यापुढे धरली.

"दोरा ओवून दे. मला आता दिसत नाही."

मी कात्री खाली ठेवली. दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले केले आणि सुईचे नेढे शोधू लागलो. माझेही डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. बराच वेळ लागला.